उत्पादक कंपनीच्या संचालकाने शहरातला 'डायरेक्टर कोर्स' करावा का?

दारव्ह्याची_काकू
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत मला यंदा संचालक म्हणून घेतलं. सोयाबीन-तुरीची खरेदी, चाळणी-ग्रेडिंग, थोडं बियाणं, असं काम. बचत गटात हिशेब लिहिलेत, पण हे प्रकरण वेगळं दिसतं. लेखापालाचा पोरगा गाडीवर येतो, मी गोठ्यात असते, तो सीटवरच रजिस्टर उघडतो अन् म्हणतो, "काकू, इथं अन् इथं." जी सभा झालीच नाही तिच्या इतिवृत्तात मी हजर! मागच्या वेळी म्हटलं, ठेवून जा, वाचून देते. तर त्यानं तिथूनच अध्यक्षांना फोन लावला.

पुण्याचा पुतण्या म्हणतो, मोठ्या मॅनेजमेंट संस्थांत कंपनी संचालकांसाठी दोन-तीन दिवसांचे कोर्स असतात, कर एखादा. फी ऐकून आमचे हे म्हणाले, एवढ्यात विहिरीवर नवी मोटर बसते. वरून सगळं इंग्रजीत. कोणी केलाय का? नाही तर शिकायचं कुठून?

तुरीच्या_शेंगा
काहून पैसे घालवता काकू? आमच्या कंपनीत कोणालेच काही समजत नाही, तरी चालूच हाय. सीए पाहून घेते सगळं.

जुना_सीईओ_वाशीम
'सीए पाहून घेते' हेच तर दुखणं आहे भाऊ. सीए फॉर्म भरतो. नोटीस संचालकाच्या नावानं येते.

काकू, तो कोर्स तुमच्यासाठी नाही. शेअर बाजारातल्या कंपन्यांचे संचालक डोळ्यासमोर ठेवून तो बेतलेला असतो: सेबीचे नियम, ऑडिट कमिटी, स्वतंत्र संचालक. आपल्या कामाचं त्यात फार तर एका दुपारचं. कंपनी कायदा 2013 चं कलम 166 म्हणजे संचालकाची कर्तव्यं, आणि कलम 184 म्हणजे स्वतःचा हितसंबंध उघड करणं. ही दोन कलमं मात्र टाटाच्या संचालकाला लागतात तशीच तुम्हालाही.

बाकी आपला कायदा वेगळा. 2020 च्या दुरुस्तीनं उत्पादक कंपन्यांसाठी प्रकरण 21-अ घातलं, कलम 378-ए पासून पुढे. वर्षातून किमान चार बोर्ड सभा, दर तीन महिन्यांत एक तरी. सात दिवस आधी नोटीस. मुदत कमी असेल तर कारण लिहून ठेवायचं. हजेरी एकूण संचालकांच्या एक-तृतीयांश, पण तिघांपेक्षा कमी नाही. म्हणजे गाडीच्या सीटवर सभा होत नाही.

आता 378-क्यू वाचा, तिथं खरी मेख आहे. कंपनीचं कर्ज थकून 90 दिवस झाले, तर संचालकपद जातं. सभासदाच्या मालाची रोखून ठेवलेली रक्कम किंवा बोनस ठरल्या तारखेपासून वर्षभर दिला नाही, तरी जातं. तीन वर्षं सलग ताळेबंद अन् वार्षिक विवरण भरलं नाही, तरी तेच. 2017 मध्ये कंपनी मंत्रालयानं विवरणपत्रं न भरणाऱ्या कंपन्यांचे तीन लाखांवर संचालक अपात्र ठरवले होते. ही विवरणं उशिरा भरली, तर दर फॉर्ममागे रोजचे 100 रुपये, वर मर्यादा नाही. आणि कायदा मोडणाऱ्या ठरावाला तुम्ही होकार दिला, तर झालेलं नुकसान सगळ्या होकार देणाऱ्यांनी मिळून अन् एकेकट्यानंही भरून द्यायचं.

आपल्याकडं हे तीन वर्षांनीच अंगावर येतं. 10 हजार एफपीओंच्या (म्हणजे आपल्यासारख्या शेतकरी उत्पादक संस्थांच्या) केंद्रीय योजनेत व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत मिळते. ती थांबली की सीईओ अन् लेखापालाचा पगार कोण देणार? आधी माणूस जातो, मग फॉर्म राहतात.

हितसंबंधाचं एक सांगतो. मी होतो तिथं एका संचालकाचं कृषी केंद्र होतं. कंपनी खत त्याच्याकडूनच घेई, अन् भाव बोर्डात तोच सांगे. माणूस वाईट नव्हता, उधारीही देई, म्हणून कोणाची बोलायची छाती नाही. शेवटी मी विषयपत्रिकेत खताचा विषय चहाच्या आधी टाकला, तिघांची कोटेशनं टेबलावर ठेवली आणि म्हटलं, दादा, तुमचा संबंध इतिवृत्तात लिहितो, तुम्ही ओसरीत बसा. भडकले, पण बसले. डीएपीचा भाव त्या दिवशी पहिल्यांदा बोर्डानं ठरवला.

शिकायचं तर नागपूरची वनामती अन् अमरावतीची रामेती या शेतीच्या प्रशिक्षण संस्था, पुण्याची सहकाराची वैकुंठ मेहता संस्था यांच्याकडे चौकशी करा. पण माझं मत विचाराल तर, ठराव करून कंपनीच्या खर्चानं एखाद्या कंपनी सेक्रेटरीला, म्हणजे कंपनी कायद्याच्या जाणकाराला, एक दिवस गावात बोलवा, अन् शिकवायला तुमचाच ताळेबंद समोर ठेवा. दुसऱ्याच्या उदाहरणावर सगळे माना डोलावतात.

दारव्ह्याची_काकू
90 दिवसांचं माहीतच नव्हतं! गोदामाच्या कर्जाचा हप्ता दिवाळीपासून राहिलाय म्हणे. पण झालेल्या सभेचं रजिस्टर माझ्याकडे नाही, मागायचा हक्क आहे का?

जुना_सीईओ_वाशीम
संचालक आहात, हिशेबाची वही अन् इतिवृत्त पाहणं हा तुमचा हक्कच. तोंडी मागू नका. सीईओच्या नावानं अर्ज, पोच घेऊन. कर्ज खात्याचा उतारा त्याच अर्जात मागा, आणि थकीत हप्त्याचा विषय पुढच्या विषयपत्रिकेत घ्या म्हणून त्यातच लिहा.

तुरीच्या_शेंगा
पोच म्हंजे आवक क्रमांक न शिक्का ना भाऊ? मलेही एक अर्ज लिवून पाह्याचा हाय आता.