पॉलिश करू नका, आहे तसंच विका

काकांचं सेको ६३०९-७०४० हे जुनं घड्याळ विकण्याआधी पॉलिश करून नवी डायल बसवावी का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको! मी ती चूक करून बसलोय. घड्याळजीने बफ मारून केस (घड्याळाची बाहेरची धातूची बॉडी) आरशासारखी चकचकीत केली, कडा गुळगुळीत झाल्या, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने फोटो बघून विषय संपवला. आपल्याकडच्या रंगवलेल्या डायलींमुळे 'मुंबई स्पेशल' हे नाव परदेशी संग्राहकांत शिवीसारखं वापरलं जातं. मूळ डायलवरचे पिवळट पडलेले ठिपके त्यापेक्षा केव्हाही बरे.

मागच्या झाकणावरचा नंबर बघा. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. २५ ने सुरू होत असेल तर मे १९८२. हे मॉडेल १९७६ ते १९८८ च्या दरम्यानचं, त्यामुळे ६, ७ किंवा ८ आकडा असेल तर दोन वर्षांत घोळ होतो.

आणखी एक. या मशीनला हाताने चावी देता येत नाही, क्राउन (बाजूची चावीची गुंडी) ओढला तरी सेकंदकाटा फिरतच राहतो. ते बिघाड नाहीत. जाहिरातीत आधीच लिहा, नाहीतर रात्री अकराला फोन येतात. डायलवर १५० मीटर लिहिलंय म्हणून पाण्यात चालेल असं मात्र सांगू नका, पाणी अडवणारी जुनी रबरी गॅस्केटं कधीच कडक झालेली असतात. उजवीकडून तिरपा उजेड घेऊन केसच्या कडांचा एक फोटो टाका, जाणकार आधी तोच मागतात.