ब्रिजची भोके आधी, लॅकर नंतर

इलेक्ट्रिक गिटार बनवताना बॉडीला लॅकर मारून झाल्यावर ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाची) भोके पाडली तर चालतील का, या प्रश्नावर माझे मत असे की ती आधीच पाडावीत, आणि तीही नेक (गिटारची मान) बॉडीच्या खाचेत बसवून, पहिल्या व सहाव्या तारेच्या जागी दोरा ताणून, तो फ्रेटबोर्डाच्या (नेकवरील, तारांखालच्या पट्टीच्या) दोन्ही कडांपासून सारखाच आत राहतो याची खात्री केल्यावरच. स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजच्या रेषेपर्यंतची लांबी, ६४८ मिलिमीटर असेल, तर नटपासून बारावा फ्रेट (फ्रेटबोर्डावरची धातूची आडवी पट्टी) ३२४ मिलिमीटरवर येतो आणि तितकेच पुढे मोजले की ब्रिजची रेषा मिळते. मात्र तार फ्रेटवर दाबताना थोडी ताणली जाऊन स्वर चढतो, त्यामुळे सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते ते सरकते तुकडे) या रेषेच्या किंचित मागे न्यावे लागतात, जाड तारांचे अधिक. म्हणून पातळ ई तारेचा (पहिल्या तारेचा) सॅडल नटच्या दिशेने जवळजवळ पूर्ण पुढे सरकवून रेषेवर ठेवावा आणि मगच खुणा कराव्यात. भोकांच्या कडा आत्ताच हलक्या उतरत्या केल्या, तर पुढे स्क्रू पिळताना लॅकर तडकत नाही.

अ‍ॅश किंवा महोगनीचे लाकूड असेल, तर ग्रेन फिलर (लाकडाची छिद्रे भरणारा लेप) टाळू नये, नाहीतर लॅकर छिद्रांत खचते आणि तिरप्या उजेडात बारीक रेघा दिसतात. नायट्रोसेल्युलोज लॅकर हाताला कोरडे लागले तरी आतून आकसतच असते, तेव्हा पॉलिशपूर्वी काही आठवडे थांबावे (हे कोणालाच आवडत नाही). नेकच्या खाचेला टेप लावावी. तिथे लॅकरचा थर साचला, तर नीट बसणारा नेकही घट्ट होतो.