दुकानाच्या पाटीला गोल टोकांचा स्लॅब सेरिफ चांगला की वाईट?

नौपाडाकर: राम मारुती रोडवर आमच्या ओळखीतल्या एकांची बेकरी सुरू होतेय, पाटीसाठी मी अमेरिकन टाइपरायटर बोल्ड हा स्लॅब सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना जाड पट्ट्या (पाय) असलेला फॉन्ट सुचवलाय. अक्षरांना जाड पाय असल्यामुळे रस्त्यापलीकडूनही नाव वाचता येतं, टोकं गोल असल्यामुळे ते अंगावर येत नाही. जाड पायांचे हे टाइप निघालेच मुळात जाहिरातीसाठी, लंडनच्या टाइप ओतणाऱ्या व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५ च्या सुमारास नमुने दाखवले तेव्हापासून. छोट्या दुकानाला याहून चांगला फॉन्ट मला तरी माहीत नाही.

टायपिंगवाले काका: मला पटत नाही. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला जागा सारखीच, मग आय आणि एल बारीक दिसू नयेत म्हणून त्यांना लांब पाय दिले, आणि शाई रिबनमधून कागदावर पसरायची म्हणून कडा गोल व्हायच्या. ती सगळी गरज होती. १९७४ चा अमेरिकन टाइपरायटर जोएल केडन आणि टोनी स्टॅनचा, त्यात अक्षरांची रुंदी कमीजास्त आहे, म्हणजे गरज गेली आणि नुसता जुनेपणाचा मुलामा राहिला. ताज्या पावाच्या दुकानाला तो कशाला?

नौपाडाकर: काका, रुंदी कमीजास्त केली म्हणूनच तर तो पाटीवर चालतो, नाहीतर आयच्या दोन्ही बाजूंना भोकं पडली असती. डिझायनर मिल्टन ग्लेझरने न्यूयॉर्कसाठी आय, लाल हृदय आणि एनवाय असा लोगो केला तो याच फॉन्टमध्ये, तो बघून कोणाला टाइपरायटर आठवतो?

वाशीची अक्षरवाली: मी पाट्यांचंच काम करते. ॲक्रिलिकची अक्षरं राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या मशीनवर, कापताना पातं (बिट) गोल असतं, त्यामुळे आतला कोपरा टोकदार येतच नाही, हाताने कानस मारत बसावं लागतं. गोल टोकांच्या फॉन्टला तो त्रास बराच कमी, म्हणून कापायला मला तो आवडतो. पण दादा, तुम्ही मराठीचं काही बोललाच नाहीत. राज्याच्या दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर मराठी नाव आधी हवं आणि त्याचा टाइप दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. गिऱ्हाईक इंग्रजी लोगो मन लावून निवडतं आणि मराठीला कॉम्प्युटरमध्ये जो असेल तो बारीक फॉन्ट लावून मोकळं होतं, मग वरची ओळ किडकिडीत आणि खालची धष्टपुष्ट. मला याचा खरंच राग येतो.

नौपाडाकर: ताई, मग देवनागरीलाही पाय असलेला फॉन्ट शोधू ना.

वाशीची अक्षरवाली: नको हो! आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं, खाली पाय चिकटवले की र आणि स ओळखू येत नाहीत. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘बालू’ फॉन्ट घ्या, टोकं गोल आहेत, वजन भरपूर आहे. आधी तो लावा, मग त्याच्या जाडीला जुळेल असं इंग्रजी बघा.

टायपिंगवाले काका: बालू घेतला तर इंग्रजीही त्याच्यातलंच घ्या, पाय हवेतच कशाला?

नौपाडाकर: इथे मी हटणार नाही काका. मराठी बालूत, मान्य. इंग्रजी मात्र स्लॅबच, दोन्ही एकाच जाडीत छापून समोरच्या फुटपाथवरून बघतो.