शोलावरमला धावलेली फियाट: फ्लोअर कापू का ठेवू?

वाडीचा_डेंटर

राम राम मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

अमरावती रोडवर वाडीत आमचं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे. बाबांनी टाकलेलं, आता मी पाहतो. मागच्या शेडमध्ये त्यांची १९६६ ची फियाट ११०० डी एकवीस वर्षं ताडपत्रीखाली होती. बाबा जाऊनही आता तीन वर्षं झाली. या उन्हाळ्यात मनावर घेतलं आणि तिला बाहेर काढली. ४५ डिग्रीत प्रायमर गनमधून निघता निघताच वाळून राहिला, म्हणून सकाळी सहा ते दहा एवढंच काम करतो.

गाडी मूळची मद्रासची. तांबरमला वायुदलात असलेल्या एका साहेबांची होती आणि ते ती शोलावरमला रेसमध्ये पळवत. शोलावरम म्हणजे मद्रासच्या उत्तरेची महायुद्धाच्या काळातली धावपट्टी. पुढे १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ पक्का ट्रॅक झाला, त्याआधी तिकडच्या शर्यती या धावपट्टीवर व्हायच्या. साहेबांची बदली नागपूरला मेंटेनन्स कमांडमध्ये झाली, गाडीही सोबत आली. १९७६ मध्ये पुढची बदली निघाली तेव्हा त्यांनी ती बाबांना विकली आणि सोबत एक फोटो दिला. १९७४ च्या रेसचा, ब्लॅक अँड व्हाइट. दारावर पांढरा गोल, त्यात २७.

बाबा व्यवहारी माणूस. रोल केजमुळे, म्हणजे गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून आत बसवलेल्या पाइपांच्या पिंजऱ्यामुळे, मागच्या सीटवर आजीला बसता येत नव्हतं, म्हणून त्यांनी केज कापून काढला. त्या पाइपांचा कूलरचा स्टँड झाला. इंजिन पेट्रोल पीत होतं, दोन कार्बोरेटर होते त्याला, दर आठवड्याला ट्यूनिंग. १९७९ मध्ये दक्षिणेकडच्या एका माणसाला ते विकून टाकलं आणि साधं १०८९ सीसीचं बसवलं. आरसी बुकात तशी नोंदही करून घेतली, त्या बाबतीत बाबा पक्के.

आता अडचण. डाव्या दाराला पाणी मारून चारशेच्या पेपरने घासत होतो. वरचा ऑफ व्हाइट गेला, खाली बिस्किट कलर, त्याखाली आकाशी, आणि आकाशीवर पांढऱ्या गोलाची कड न् सात आकड्याचा काळा पाय. मी तिथेच थांबलो. हात थरथरला म्हणा ना.

फ्लोअरची हालत खराब आहे. ड्रायव्हरच्या बाजूला बोट टोचलं तर आरपार जाते. पण त्याच फ्लोअरवर केज वेल्ड केलेल्या चार चौकोनी प्लेटा अजून आहेत, आणि आजूबाजूला वजन कमी करायला हाताने पाडलेली भोकं. एका रांगेतही नाहीत, कुण्या मेकॅनिकने रात्री जागून पाडलेली दिसतात. नवा पत्रा आणून दोन दिवसांत फ्लोअर बसवणं माझ्या डाव्या हाताचं काम आहे. पण हा फ्लोअर भंगारात गेला, की ही गाडी रेसमध्ये होती हे सांगणारं काय उरते? एक फोटो आणि घासलेलं दार.

त्यात अजून एक भानगड. ते जुनं इंजिन आता कोइंबतूरला एका दुसऱ्या फियाटमध्ये आहे. त्या मालकाने गाडी भगवी रंगवली, दारावर २७ टाकला, नवा केज बसवला, आणि 'शोलावरमची गाडी' म्हणून दाखवून राहिला. फोनवर बोललो तर म्हणतो, रेस इंजिन जिंकते, पत्रा नाही.

सांगा न जी, खरी गाडी कोणती? आणि फ्लोअर कापू का ठेवू?

महालवाला

भाऊ, आपण नागपूरकर. पिवळी मारबत दरवर्षी नवी बांधतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवतो आणि जाळतो. तरी ती 'पिवळी मारबत'च ना? मागच्या वर्षीचे बांबू कोणते म्हणून कोणी विचारते का? बिनधास्त नवा फ्लोअर टाक बे.

वाडीचा_डेंटर

मारबत कोणी 'ही १९७४ चीच आहे' सांगून विकत नाही न भाऊ.

हायकोर्ट_कट्टा

वकील आहे, गाड्यांतलं फार कळत नाही, पण 'खरी गाडी कोणती' या तुमच्या प्रश्नावर लंडनच्या कोर्टात चांगलं भांडण झालेलं आहे.

बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' नावाची स्पीड सिक्स गाडी होती. १९२९ आणि १९३०, दोन्ही वर्षी फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली. दोन्ही वेळा वूल्फ बार्नाटो चालवणाऱ्यांत होता. नंतर ती बदलत गेली. आठ लिटरचं इंजिन बसलं, १९३२ मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर अपघात झाला, त्यात क्लाइव्ह डन्फी हा चालक गेला, गाडी पुन्हा बांधली गेली. पुढे एका मालकाने सुमारे एक कोटी पौंडांना तिचा सौदा केला. घेणाऱ्याने मग पाय मागे घेतला, की यात १९२९ चं काही उरलेलंच नाही, ही ती गाडी नव्हे.

१९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. मला त्यातली शब्दांची चिरफाड आवडते. त्यांनी 'ओरिजिनल' हा शब्द नाकारला, कारण सुट्या भागांच्या हिशेबाने ती तशी नव्हतीच. पण ती 'जेन्युइन' आहे, असं म्हटलं. का? तर ती कधी मेलीच नाही. कुठल्याही दिवशी ती मोडीत निघाली आणि तिच्या नावाने दुसरी उभी राहिली, असं झालं नाही. एकेक भाग बदलत तीच गाडी पुढे चालत आली. घेणाऱ्याला सौदा पाळावा लागला.

तुमच्या बाबतीत बघा. १९६६ पासून शेडमधल्या ताडपत्रीपर्यंत एकच शेल, म्हणजे बॉडीचा सांगाडा, एकच आरसी, आणि इंजिन बदलल्याची नोंदसुद्धा तुमच्या वडिलांनी केलेली. साखळी तुटलेली नाही. कोइंबतूरच्या गाडीची साखळी ते इंजिन बसलं त्या दिवशी सुरू होते. वडिलांनी नोंद केली नसती तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं.

कॉव्हेंट्रीतला_वऱ्हाडी

मी मूळचा कामठीचा, इथे इंग्लंडमध्ये जुन्या रेसिंग गाड्या तयार करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं आहे. वकीलसाहेबांनी बेंटलीचं बरोबर सांगितलं. आता आतली बाजू सांगतो.

इथे ऐतिहासिक शर्यतीत उतरायचं तर एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट लागतो. नियम तिच्या 'अपेंडिक्स के' मध्ये आहेत. लोक तो पासपोर्ट जन्मदाखल्यासारखा दाखवत फिरतात. तो जन्मदाखला नाहीच. गाडी त्या काळच्या तांत्रिक मोजमापात बसते एवढंच तो सांगतो. गाडी कधी घडली, कोणी पळवली, याची हमी तो घेत नाही. मागच्या महिन्यात घडलेली गाडीसुद्धा मोजमापात अचूक असली तर तो मिळवू शकते.

आणि चेसिस नंबरच्या पट्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पन्नास-साठच्या दशकात रेसिंग टीमा सीमेवरच्या जकातीच्या कागदांसाठी एका गाडीची पट्टी काढून दुसरीला लावायच्या. कारखान्यातच! आज माणसं त्या पट्ट्यांवरून कोर्टात भांडतात.

नवं बांधण्यात मला पाप वाटत नाही. जॅग्वारने १९६३ च्या लाइटवेट ई-टाइप या रेसिंग गाडीसाठी १८ चेसिस नंबर राखले, बनवल्या १२. उरलेल्या सहा २०१४ पासून बांधायला घेतल्या आणि उघड सांगितलं की या नव्या आहेत. जॅग्वारच्याच एक्सकेएसएस मॉडेलच्या नऊ गाड्या १९५७ मध्ये ब्राउन्स लेनच्या आगीत गेल्या, त्या नऊही पुढे नव्याने बांधल्या. मासेराटी २५० एफ या जुन्या रेसिंग गाडीचे सुटे भाग जमवून कॅमेरॉन मिलर नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये गाड्या उभ्या केल्या, पण नंबर स्वतःचे दिले, 'सीएम' लावून. म्हणून त्या गाड्यांकडे कोणी बोट दाखवत नाही.

कोइंबतूरवाल्याचं एक म्हणणं खोडून काढतो. रेसमध्ये इंजिन म्हणजे चपलेसारखं. फुटलं की बदललं, हंगामात दोनदा-तीनदा. आम्ही आजही किमती गाड्यांचा मूळ ब्लॉक काढून फडताळात ठेवतो आणि नव्याने ओतलेल्या ब्लॉकवर रेस करतो. म्हणून ओळख चेसिसची धरतात, आणि फियाटला वेगळी चेसिस नाहीच, शेल हीच चेसिस. तुझी गाडी शोलावरमला धावलेली आहे. त्याचं इंजिन शोलावरमला धावलेलं आहे. दोघांनी एवढंच बोलावं.

शिवाय त्याची भगवी चुकली! फोटो काळापांढरा, त्याने रंग अंदाजाने मारला. खरा रंग आकाशी, आणि तो तुझ्या दारावर आहे. ते दार आता घासू नको. कडा क्लिअर (पारदर्शक लॅकर) मारून बंद कर आणि आहे तसं ठेव. नवा २७ काढायचा मोह होईल, काढू नको.

फ्लोअरचं: माणूस बसून वेगात पळवणार असशील तर गंजलेला पत्रा नको, तिथे भावनेला जागा नाही. इथे सस्पेन्शनचा प्रत्येक जुना भाग लाल पेनिट्रंट लावून तडा बघितल्याशिवाय बसत नाही. पण पळवणार नसशील तर घाई कसली आहे?

पासिंगवाला_काका

आरटीओचं काम करतो, माझंही ऐका. आपल्या गडकरी साहेबांच्या खात्याने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांचा नियम आणला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, पुढे ५,००० मध्ये नूतनीकरण. मग प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणायची. रोज भाजी आणायला नाही.

पण अट वाचा जी. गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा बदल नको. म्हणजे तुम्ही रोल केज पुन्हा वेल्ड केला तर सरकारच्या लेखी तुम्ही बॉडीत बदल केला. नियमाला 'मूळ' म्हणजे १९६६ मध्ये कारखान्यातून निघाली तशी. तुम्हाला 'मूळ' म्हणजे १९७४ मध्ये धावली तशी. आणि तुमच्या आईला विचाराल तर 'मूळ' म्हणजे आजी मागे बसायची तशी. आधी साल ठरवा, मग कात्री लावा.

आणखी एक, पत्रा कापताना चेसिस नंबर पंच केलेल्या भागाला हातही लावू नका. तो पुन्हा पंच करायला गेलात तर आरटीओ बाजूला राहील, पोलिसात जाल.

वाडीचा_डेंटर

काका, साल ठरवण्यावर दोन रात्री झोप नाही आली. कबूल करतो, मनात १९७४ होतं. आकाशी रंग, २७ नंबर, केज, सगळं. मग लक्षात आलं की तसं केलं तर मीही कोइंबतूरवाल्याचंच करून राहिलो, फक्त रंग बरोबर.

पळवणार नाही. वर्षातून एखादी रॅली, बस. म्हणून ठरवलं ते असं. पूर्ण फ्लोअर काढत नाही. काल तार-ब्रश मारून पाहिला. प्लेटांजवळचा पत्रा बरा आहे, कारण प्लेट बसवताना त्यांनी खालून रेड ऑक्साइड फासलं होतं. सडलाय तो सिलकडचा, म्हणजे दाराखालच्या पट्टीकडचा भाग. तिथे वेल्डिंग धरत नाही, टाका मारला की जाळी होते. तो तेवढा कापून नवा जोडीन, जोड घासून लपवणार नाही, आणि नव्या पत्र्यावर खालून साल पंच करीन. भोकांची रांग वाकडी आहे तशी राहील. कापलेला तुकडा तेल लावून, गोणपाटात बांधून डिक्कीत. दार घासणं बंद, क्लिअर मारला.

केज नाही बसवत. व्हीए नंबरला अर्ज टाकतो, काका, कागद घेऊन येतो तुमच्याकडे.

कोइंबतूरला फोन केला. आकाशी रंग ऐकून माणूस बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, दाराचा फोटो पाठवा. पाठवला.

कॉव्हेंट्रीतला_वऱ्हाडी

हे झकास. एक राहिलं. तो कूलरचा स्टँड अजून आहे का? पाइपाचा व्यास मोज आणि प्लेटांवरच्या वेल्डचा गोल मोज. जुळले तर तो केज तुझ्या घरीच आहे. कापलेला का होईना.

वाडीचा_डेंटर

आत्ता टेप घेऊन गेलो होतो. बाहेरून व्यास जुळते, दीड इंच बरोबर. एका पायावर पाण्याच्या गंजाखाली आकाशी रंगाचा ठिपकाही दिसला.

काढून आणायला गेलो तर आईने हाकलून दिलं. म्हणे मृग लागून पाऊस पडेस्तोवर कूलर जागचा हलणार नाही, मग ने तुझा शोलावरम.