'अंतर्जात' की 'दत्तक'?

मुक्ता_वाचते: एका लेखात 'अंतर्जात रेट्रोव्हायरस' असा शब्द वाचला. अंतर्जात म्हणजे आत जन्मलेला. पण तोच लेख पुढे म्हणतो की हा विषाणू लाखो वर्षांपूर्वी बाहेरून आला. मग शब्द चुकलाय का?

जुनापाटीवाला: अर्धा बरोबर आहे. रेट्रोव्हायरस स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो पेशीच्या डीएनएत घुसवतो. ही पेशी शुक्राणूची किंवा बीजांडाची असली, तर पुढच्या पिढीला तो जन्मतःच मिळतो. म्हणजे पणजोबांना बाहेरून आलेला, नातवंडांना घरचा. माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे 8 टक्के भाग असाच आलेला आहे. मी तर 'घरजावई' म्हणेन.

तांबडी_शाई: घरजावई नको! त्यातले बहुतेक मोडके आहेत, नुसते पडून. जे कामाला लागले त्यांना 'दत्तक' म्हणा. 2000 साली माणसातल्या सिन्सिटिन या असल्याच एका प्रथिनाचं काम उजेडात आलं. विषाणू पेशीत शिरायला जे आवरणाचं प्रथिन वापरायचा, तेच आता वारेतल्या, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवातल्या, पेशी एकमेकींत मिसळून सलग थर करायला वापरलं जातं. उंदरात सिन्सिटिन-ए काढून टाकलं तर गर्भ पोटातच मरतात. गंमत म्हणजे उंदराचं सिन्सिटिन माणसाच्या विषाणूकडून आलेलं नाही, तो वेगळाच दत्तक. दत्तकाचं गोत्र बदलतं, इथे कामही बदललं.

गोठ्यावरून: 'वार' लिहिलंत, बरं वाटलं. पुस्तकात 'अपरा' असतं. आमच्याकडे गाय व्याली की पहिला प्रश्न, "वार पडली का?" गायीतही हे सिन्सिटिन असतं का?

तांबडी_शाई: असतं, पण रवंथ करणाऱ्यांचं आणखी निराळं, तिसऱ्याच विषाणूचं.

मुक्ता_वाचते: आणि विषाणू ज्याच्यात राहतो त्याला 'यजमान' का? आजी आजोबांना यजमान म्हणायची, म्हणून वाचताना हसू येतं.

जुनापाटीवाला: मलाही खटकतो. यजमान पाहुण्याला बोलावतो, पाट मांडतो. इथे आमंत्रण कुणी दिलं? पण रुळलाय, आता बदलणं अवघड.

'घरजावई' मात्र मी एका ठिकाणी राखून ठेवतो. ऑस्ट्रेलियातल्या कोआलांमध्ये हे सध्या चालू आहे. क्वीन्सलंडमधल्या, म्हणजे उत्तरेकडच्या, कोआलांच्या डीएनएत त्यांचा रेट्रोव्हायरस वारशाने उतरतो, आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे पसरतोही. दक्षिणेत तो अजून तसा सर्वत्र बसलेला नाही. त्याला अंतर्जात म्हणावं की बहिर्जात?

तांबडी_शाई: 'होऊ घातलेला घरजावई'. मान्य.