वॉशिंग्टनला सगळे मुक्त करता येत नव्हते

अनेकदा म्हटलं जातं की अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्रात सगळे गुलाम मुक्त केले. तसं नाही. त्याची बायको मार्था हिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस 1757 मध्ये मृत्युपत्र न करता वारला. व्हर्जिनियाच्या कायद्याने विधवेला एक तृतीयांश वाटा मिळाला, पण फक्त हयातीपुरता. नंतर तो कस्टिसच्या वारसांचा. त्या वाट्यात जिवंत माणसं होती! त्यांना मुक्त करायचा अधिकार वॉशिंग्टनला नव्हता, मार्थालाही नव्हता. मूल आईच्या मालकाचं, हा कायदा तर फारच क्रूर. वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या जमीनदारीवरचा सुतार आयझॅक वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचा, म्हणून तो 1801 मध्ये सुटला. बायको किटी आणि मुली कस्टिसच्या वाट्यातल्या, त्या गुलामच राहिल्या. 1802 मध्ये मार्था गेल्यावर ही माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली.