ईपॉक: १०²² तीव्रतेला गॅमा फोटॉन १०० केईव्हीच्या वर का जात नाहीत?

तापीकाठ_भुसावळ
राम राम मंडळी. जळगावला विभागातल्या संगणकावर ईपॉक (लेसर-प्लाझ्मा सिम्युलेशनचा कोड) चालवतोय. लेसर ०.८ मायक्रॉन, १०²² वॅट प्रति चौसेमी, २५ फेम्टोसेकंद. पूर्ण आयनित कार्बन, इलेक्ट्रॉन घनता क्रांतिक घनतेच्या (जिच्यावर लेसर एरवी आत शिरत नाही) २० पट. एकमितीय रनमध्ये इलेक्ट्रॉन २०० एमईव्हीपर्यंत पोचतात, पण फोटॉन १०० केईव्हीच्या वर फारसे नाहीत. क्यूईडी (फोटॉन उत्सर्जनाचा क्वांटम भाग) चालू आहे, त्याचे तक्तेही नीट वाचले जातात. गॅमा कुठे अडताहेत?

धुळेकर_फोटॉन
अडत काही नाही भाऊ, एका मितीत ते तयारच होत नाहीत. या तीव्रतेला ए-नॉट (लेसरक्षेत्राची एककरहित ताकद) सुमारे ६८, म्हणजे लेसरचं विद्युतक्षेत्र २.७ × १०¹⁴ व्होल्ट प्रति मीटर. पण इलेक्ट्रॉन लेसरसोबतच पुढे धावतोय, त्यामुळे विद्युत आणि चुंबकीय बल एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. स्थिर अवस्थेतून निघालेल्या इलेक्ट्रॉनचा क्वांटम पॅरामीटर (त्याला स्वतःच्या चौकटीत जाणवणाऱ्या क्षेत्राचं माप; तो मोठा तर फोटॉन ऊर्जावान) ०.०००२ च्या आसपासच राहतो, त्याची ऊर्जा कितीही वाढो.

एमईव्हीचे फोटॉन देतं ते चॅनेलमधलं (लेसरने प्लाझ्मात पाडलेल्या वाटेतलं) चुंबकीय क्षेत्र. लेसरने पुढे ढकललेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाभोवती ते गोल उभं राहतं. २ लाख टेस्ला धरा. त्याचं बल खोडायला समोर काही नाही. २०० एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनला तिथे पॅरामीटर ०.०१८ मिळतो, तब्बल नव्वद पट, आणि वर्णपटाची क्रांतिक ऊर्जा (जिच्यापुढे फोटॉन झपाट्याने कमी होतात) साडेपाच एमईव्हीच्या घरात जाते. एकमितीय रनमध्ये या गोल क्षेत्राला जागाच नाही. द्विमितीय करा, लेसरचं ध्रुवीकरण सिम्युलेशनच्या पेटीच्या प्रतलातच ठेवा.

सातपुडा_प्लाझ्मा
धुळेकरांशी सहमत. पेटी ४० × २० मायक्रॉन, लेसरचा स्पॉट ३ मायक्रॉन, सेल २० नॅनोमीटर: २० लाख सेल. प्रत्येकात २० इलेक्ट्रॉन, १० आयन घेतले तर ६ कोटी कण, १६ जीबी रॅममध्ये बसायला हरकत नाही. कार्बनची घनता इलेक्ट्रॉनच्या एक षष्ठांश हवी. दोन्हीकडे तोच आकडा टाकला तर प्लाझ्मा विद्युतभाराने उदासीन राहत नाही.

काळाचा टप्पा लेसरचा आवर्तनकाळ भागिले ए-नॉट, म्हणजे ०.०४ फेम्टोसेकंदापेक्षा बराच लहान हवा. २० नॅनोमीटरला तो ०.०४५ येतो. नुसता टप्प्याचा मल्टिप्लायर कमी केलात तर ग्रिडवरचं डिस्पर्शन (लाटेच्या वेगातली चूक) वाढतं, सेलच १० नॅनोमीटरचा करा. वेळ आठपट आणि रॅम चौपट लागेल, पण इलेक्ट्रॉनची ऊर्जा विश्वासाची मिळेल.

फोटॉन डायनॅमिक्स बंदच राहू द्या. फोटॉन जन्मले तिथेच थांबतात, पण संवेग नोंदलेला असतो, वर्णपट आणि कोन काढायला तेवढं पुरतं. हिस्टोग्राम वेटने (एक सिम्युलेशन-कण किती खऱ्या कणांचा, तो आकडा) गुणूनच काढा. द्विमितीय रनमधलं वेट तिसऱ्या दिशेच्या दर मीटरमागे असतं. स्पॉटच्या ३ मायक्रॉनने गुणलं नाही तर गॅमाची ऊर्जा लेसरच्या ऊर्जेपेक्षाही जास्त दिसेल.

तापीकाठ_भुसावळ
आभार. रन लांबणार, आणि उन्हाळ्यात इथे लाईटचा भरवसा नाही. मध्येच गेली तर?

धुळेकर_फोटॉन
रिस्टार्ट डंप (रन तिथून पुढे चालू करता येईल अशी फाईल) ठरावीक वेळाने घेत राहा. यूपीएसवर असताना आउटपुटच्या फोल्डरात इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘स्टॉप’ नावाची रिकामी फाईल टाका. कोड शेवटचा रिस्टार्ट डंप लिहून थांबतो. डंप मोठा असतो, तो लिहून होईपर्यंत यूपीएस टिकतो का ते आधी बघून घ्या.